हौसाकाकींचं मत

फाल्गुन उतरणीला लागला की सांगलीच्या हवेला पिवळा रंग चढतो. मळ्यामळ्यांतून हळद शिजत असते. काहिलींवरून उठलेली वाफ, ओल्या मातीसारखा, थोडा कडवट, थोडा नाकात बसणारा तो वास वाऱ्यावर बसून शहरात येतो आणि दोरीवरच्या कपड्यांना चिकटून राहतो. सकाळी मी गॅलरीत चहा घेऊन उभा असतो. खालून प्रचाराची रिक्षा कर्णा वाजवत जाते. कुठल्यातरी निवडणुकीची, आता निवडणुकांना ऋतू राहिलेला नाही. पण हा वास आणि हा कर्णा एकाच सकाळी आले की माझ्या छातीतली एक गाठ सैल होते. सून म्हणते, "बाबा, एकटेच हसताय." हसत असेन. खांदे खाली आलेले असतात एवढं मात्र मला कळतं.

आपल्याकडे 'हायसं वाटलं' म्हणतात. आनंद निराळा. आनंदाला तोंड असतं, तो बोलतो, चार लोकांना बोलावून आणतो. हायसं वाटलेला माणूस नुसता बसतो. पाय पसरतो. तांब्याभर पाणी पितो आणि म्हणतो, "सुटलो." सत्त्याहत्तर सालच्या फाल्गुनात मी असा बसलो होतो, बोरजाईच्या वाडीच्या शाळेसमोर, चुन्याच्या रेघेच्या अलीकडे, धुळीत. पँट पांढरी होती. उठलो तेव्हा ती कुठल्या रंगाची होती ते सांगता येणार नाही.

मी तेव्हा कराडला राहत होतो. पाटबंधारे खात्यातली इंजिनियरची नोकरी सोडून सल्लागार झालो होतो. नदीचं पाणी उचलून वरच्या माळावर न्यायच्या योजना गावोगाव निघत होत्या. उसाचं वेड लागायला सुरुवात झाली होती, आणि पंप केवढा, पाईप केवढा, चढ किती हे सांगणारा माणूस लोकांना हवा होता. पण सल्लागार हा शब्द कुणाच्या पचनी पडत नसे. एका गावात एक आजोबा मला खालीवर न्याहाळत म्हणाले, "आवं पर सायेब, सल्ला तर आमच्यात पारावर फुकाट मिळतोय. त्येच्यासाठी शिकाय कशाला लागतंय?"  

माझ्या धंद्याचा खरा जोडीदार म्हणजे हमीदभाई. उंब्रजला हायवेच्या कडेला त्याचं पंपाच्या जळक्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देण्याचं दुकान होतं. दारातच तांब्याच्या तारांची भेंडोळी, आत व्हार्निशचा वास, आणि मधोमध एका उपड्या डब्यावर हमीदभाई. माझ्यापेक्षा थोडा मोठा. बोलणं असं की जळालेली मोटार घेऊन रडत आलेला माणूस जाताना हसत जायचा. माझ्या योजनांवरच्या मोटारी त्याच्याकडेच यायच्या. आधी काम, मग चहा, मग मैत्री.

त्या आधीची दीड-दोन वर्षं, आणीबाणीची, माणसं हळू आवाजात बोलत होती. कुणाला का पकडलं हे विचारायचं नाही, आणि कुणी विचारलंच तर आपण ऐकलं नाही असं दाखवायचं. त्यातच नसबंदीच्या शिबिरांची धास्ती. शिबिराला माणसं न्यायला जीप यायची, म्हणून कुठलीही जीप गावात शिरली की पुरुषमाणसं उसात शिरायची. माझीही जीपच. मी पाईपलाईनची आखणी करायला जावं आणि गाव ओस पडलेलं असावं. एकदा उसाच्या सरीतून एक पागोटं वर आलं.

"पान्याचं सायेब का आपरेशनचं?"

"पाण्याचं."

"मग तसं लांबनं वरडायचं न्हाई व्हय! निम्मं गाव पाचटात घुसलंय, इंगळी-बिंगळी चावली म्हंजी?"

हमीदभाईला हे सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला. मग हसता हसता थांबला आणि तार गुंडाळत म्हणाला, "हसतुया खरं, पर मी बी दोनदा गेलतो उसात."

निवडणुकीची बातमी रेडिओवर आली त्या दिवशी मी त्याच्याच दुकानात होतो. आंब्याला मोहर होता. हायवेवरून उसाच्या गाड्यांची रांग चालली होती आणि बैलांच्या घुंगरांत रेडिओतलं निम्मं बोलणं वाहून जात होतं. हमीदभाईनं रेडिओ बंद केला.

"सायेब, मागच्या टायमाला मी मत द्याला गेलतो. माझं मत झालेलं. एजंट वळखीचाच. म्हनला, हमीदभाई, कशाला उन्हाचं आलासा, तुमचं काम झालंय की. म्हंजी माझ्या जागी दुसराच बोहल्यावर हुबा ऱ्हायला, आन वर मलाच म्हनत्यात, सुटलास गड्या!"

"मग तू काय केलंस?"

"काय करनार? घरी आलो. बायकूला सांगिटलं, दिलं मत. तिच्याशी खोटं बोललो, त्येचं मला जास्त वाईट वाटलं."

 मग मी विचारलं, "या वेळी बघायचं का उभं राहून?"

"कुठं?"

"मतदानाच्या जागी. बाहेर. कुणाला द्या हे सांगायचं नाही. फक्त ज्याचं त्यानं दिलं का ते बघायचं."

त्यानं हातातली तार खाली ठेवली. "मारत्याल," म्हणाला. आणि मग, "पर एकट्याला मारन्यापरास दोगांस्नी माराय जरा जड जाईल."

असं आमचं मंडळ निघालं. 'मतदार साक्षी मंडळ' हे भारदस्त नाव माझं. हमीदभाई शेवटपर्यंत 'आपलं बगनाऱ्यांचं मंडळ' म्हणत राहिला. हळूहळू आणखी काहीजण आले. दोन पेन्शनर फौजी, कॉलेजातले एक मास्तर, साताऱ्याचे एक तरुण वकील. वकिलांनी नियमांचं पुस्तक आणलं आणि दुकानातल्या मोटारींच्या मधोमध बसून आम्हाला शिकवलं. त्यातली एक गोष्ट आम्हाला नवी होती. आपल्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल, तरी माणूस परत पाठवता येत नाही. त्यानं मागितलं तर वेगळी मतपत्रिका द्यावीच लागते. तिला टेंडर मत म्हणतात. हमीदभाईनं तो शब्द चार वेळा म्हणून बघितला. "टेंडर. म्हंजी रस्त्याच्या कंत्राटाचं असतंय तसं?" "शब्द तोच, अर्थ वेगळा," वकील म्हणाले.

घरी बायकोला, कुमुदला, सांगितलं तेव्हा ती कुरडयांसाठी गहू भिजत घालत होती. तिनं हात थांबवला नाही. "नोकरी सोडलीत तेव्हा मी काही बोलले का? नाही. पण तुम्ही आत जाणार असाल तर आधी सांगा. मला एकटीसाठी एवढ्या कुरडया घालायच्या नाहीत."

"कुणी आत घालणार नाही आता. उलट आतली माणसं सुटताहेत."

"जागा झाली म्हणायची," ती म्हणाली. मग तिनं आणखी एक माप गहू घातले. तेवढ्यावर मी समजलो.

ते दिवस माझ्या अंगावर अजून आहेत. पांदीतली तापलेली धूळ. पांगाऱ्याची पानं झडून नुसती लाल फुलं. गुऱ्हाळावर हातावर मिळालेली काकवी, गरम, जीभ भाजणारी. जीप आम्ही वेशीबाहेर ठेवायचो आणि चालत गावात शिरायचो; माणसं उसात जाऊ नयेत म्हणून हमीदभाई लांबूनच ओरडायचा, "पळू नगा रं, आमी कापनारं न्हाई!" लोक हसत बाहेर यायचे. आम्हाला ऐकून घ्यायचे, आणि आम्ही नक्की कुठल्या पक्षाचे हे ओळखायचा प्रयत्न करायचे. कुठल्याच नाही म्हटलं की त्यांचा संशय दुणावायचा.

विट्याकडे गेलो तर तिथली तऱ्हा वेगळीच. तिथली कर्ती माणसं सोनं गाळायच्या धंद्यात कुठं कलकत्त्याला, कुठं केरळात. घरात बायका आणि म्हातारी. एक म्हातारा कौतुकानं सांगत होता, "माझी तिन्ही पोरं परमुलखात हायती, पर मत चुकत न्हाई त्येंचं. दर टायमाला पडतंय." त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मला तिथं पहिल्यांदा नीट कळलं की चोरी झाली हे ज्याला माहीतच नाही, त्याच्या दारात उभं राहून चोर चोर ओरडणं किती अवघड असतं.

आणि बोरजाईची वाडी. कृष्णेच्या काठचं मोठं गाव, वर माळ, खाली काळी रानं. तिथं माझी सगळ्यात मोठी योजना चालू होती. नदीकाठची विहीर बांधून झाली होती, वरच्या माळापर्यंत चर खणला होता, आणि चराच्या कडेनं पाईप मांडून ठेवले होते. योजनेचे चेअरमन आबा. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा, बुलेटवरून फिरणारा माणूस. गावात त्याच्या शब्दापुढं शब्द नव्हता. पण माळावर पाणी यावं यासाठी तो उन्हातान्हात माझ्याबरोबर दगडधोंड्यांतून फिरला होता, हेही खरं. मला तो आवडायचा. म्हणूनच तिथं जायचं मी टाळत होतो.

गावातल्या बायकांनी कधी मतच दिलं नव्हतं. म्हणजे त्यांची मतं पडायची, सगळीच्या सगळी. सकाळीच दोघी-तिघी ठरलेल्या बाया पदर नाकापर्यंत ओढून पुन्हापुन्हा रांगेत यायच्या, एजंट माना डोलवायचे, आणि ऊन चढायच्या आत गावच्या आयाबायांचं 'उरकलेलं' असायचं. शाई पुसायच्या युक्त्या गावाला पाठ होत्या.

शेवटी हमीदभाईबरोबर गेलोच, तेव्हा तिथल्या एका मळ्यात हळद शिजत होती. काहिलीजवळ पन्नाशी ओलांडलेली एक बाई उभी होती, उंच, काटक, कपाळ मोकळं, कोपरापर्यंत हात पिवळे. वाफेत तोंड घालून ती एक कांड मोडून बघत होती. शिजलेली हळद मऊ मोडते. तिनं ते कांड माझ्या हातावर ठेवलं. "बगा, झाली का." मी मोडलं. मऊ मोडलं. "झाली," मी म्हणालो. "मग तुमाला बी थोडं कळतंय," ती म्हणाली.

ही हौसाकाकी. आबाची चुलती. तिचा नवरा बर्माच्या लढाईत गेला तेव्हा ती अगदी पोर होती. पुढं आबाची आई वारली आणि आबाला हिनंच वाढवलं. गाव आबाला वचकून होतं, आणि आबा, लोक म्हणायचे, फक्त काकीला.

हमीदभाईनं नेहमीचं बोलणं केलं. ज्याचं मत त्यानं द्यावं, वगैरे. आजूबाजूच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. "आमी काय करनार दिऊन? घरच्यांनी दिलं की झालं." हौसाकाकी मात्र हसत नव्हती.

"मी पेन्शनीला जाती पोस्टात," ती म्हणाली. "आबानं कितींदा सांगिटलं मास्तरला, काकीला उन्हाचं कशाला चालीवताय, माझ्याकडं द्या. मास्तर न्हाई म्हनतोय. म्हनतोय, अंगठा तिचाच लागतोय, ती जित्ती हाय हे मला दिसाय पायजे." तिनं चुलवणात लाकूड सारलं. "मग मत द्यायला बी मी जित्ती हाय हे कुनी तरी बगाय नगं?"

बायकांचं हसणं थांबलं. 

दोन दिवसांनी आबाचा निरोप आला. मी गेलो तर तो पंपहाऊसच्या कट्ट्यावर बसला होता. त्यानं चहा मागवला, कुमुदची चौकशी केली, पाईपांच्या सांध्यांबद्दल विचारलं. मग नदीकडे बघत म्हणाला, "सायेब, तुमी शिकल्याली मानसं. आमच्या गावात पानी आननार. तुमचं उपकार हायती."

"उपकार कसले?"

"न्हाई, हायतीच. म्हनून सांगतो. तुमी पान्याचं बगा. मताचं आमी बगतो."

आवाज चढवला नाही. कपातला चहा बशीत ओतला आणि बशी माझ्याकडे सरकवली. मी ती घेतली. चराच्या कडेचे ते पाईप तिथून दिसत होते, माळापर्यंत गेलेले. आबानं मनात आणलं तर उद्या दुसरा कुणी येईल आणि माझे पाईप हवे तसे बसवेल, किंवा ते पावसाळाभर तसेच पडून राहतील. आणि हमीदभाईचं दुकान हायवेवर, दारं उघडी, कुणीही यावं. घरी जाताना मला सारखं वाटत होतं, आपण काय मिळवतोय यातून? मी हमीदभाईला म्हणालो, "वाडी सोडून देऊ या का?"

तो म्हणाला, "सोडू की. पर हौसाकाकी आली, आन आपुन न्हाई, तर तिला काय वाटंल?"

मतदानाच्या दिवशी आम्ही दोघंच वाडीला गेलो. बाकीचे दुसऱ्या गावांना. आमच्याकडे ना पास, ना बिल्ला. शाळेच्या आवाराबाहेर चुन्याची रेघ ओढलेली होती, तिच्या अलीकडे बोरीखाली आम्ही उभे राहिलो. पोलिसानं एकदा येऊन विचारलं, "तुमी कोन?" हमीदभाई म्हणाला, "बगनारे." त्याचं समाधान झालं असावं, तो परत गेला आणि सावलीत बसला.

आणि मग आम्ही बघत राहिलो. पदर ओढलेल्या त्या दोघी-तिघी आत जाऊन आल्या. मग पुन्हा गेल्या. एकीच्या पायात जोडवी नव्हती आणि दुसरीची टाच फुटलेली होती, म्हणून आम्हाला ओळखता आल्या. आम्ही काही करू शकत नव्हतो. नियमानं आम्हाला आत पाऊल टाकायचीही मुभा नव्हती. जो तक्रार करू शकतो तो मतदार, आणि तो यायलाच तयार नव्हता. उन्हं वर चढत होती. माझ्या जिभेला कोरड पडली होती. इतक्या वर्षांत कधी वाटलं नव्हतं ते मला त्या बोरीखाली वाटलं, की आपण निव्वळ निरुपयोगी माणूस आहोत.

तेवढ्यात पांदीच्या तोंडाशी हौसाकाकी दिसली. एकटी. काहिलीवरून तशीच उठून आलेली, हात पिवळे, लुगड्याच्या काठाला राख. आमच्याकडे न बघता ती रेघ ओलांडून आत गेली. काही वेळानं बाहेर आली आणि व्हरांड्यातच थांबली.

"हमीद," तिथूनच तिनं हाक मारली, "झालंय म्हनत्यात माझं."

हमीदभाई रेघेला पायाची बोटं लावून उभा राहिला. त्याचा आवाज मी इतका मोठा कधी ऐकला नव्हता. "काकी, परत आत जा! म्हना, मला टेंडर मत द्या! न्हाई म्हनता येत न्हाई त्येंला!"

ती वळलीच होती, तोवर केंद्राचा मुख्य अधिकारीच बाहेर आला. चष्म्याचा तरुण माणूस, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. बहुधा त्याची ही पहिलीच निवडणूक होती. काकीनं आपला डावा हात त्याच्या तोंडासमोर धरला.

"सायेब, मत दिल्यालीच्या बोटाला काळी शाई लावताय न्हवं? बगा माझं बोट. हळद दिसतीया. शाई कुठं हाय?"

त्यानं बोटाकडे बघितलं. मग आतल्या एजंटांकडे बघितलं. आणि तेवढ्यात बुलेटचा आवाज आला. कुणीतरी वर्दी दिली असणार. आबानं गाडी रेघेपाशीच उभी केली. आमच्याकडे एक नजर टाकली. ती नजर मला अजून आठवते. तीत राग होता त्यापेक्षा 'तुम्हीसुद्धा?' असं काहीतरी जास्त होतं. मग तो व्हरांड्याकडे गेला.

"काकी, उन्हाचं कशाला आलीस? चल, सोडतो घरी."

"मत द्याला आलीया."

"झालंय त्ये तुजं."

"कुनी दिलं?"

आबा बुलेटकडे वळला.

"कुनी दिलं आबा?"

"आगं, घरचंच हाय की समदं. कुनी दिलं तरी एकच."

काकीचा आवाज चढला. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. "तू एवढासा हुतास. शेजारच्या पोराला जेवू घालून मी तुला कवा म्हनलं का, आबा, तुजं जेवान झालं, नीज आता? म्हनलं का कवा?"

 आबाचे कान लाल झालेले मला इतक्या लांबून दिसत होते. हमीदभाईनं माझा दंड धरला होता. मला वाटलं, आता काहीतरी होणार. कुणीतरी हात उचलणार, आमच्यावर धावून येणार, जीपच्या काचा फुटणार. कुमुदच्या कुरडया माझ्या डोळ्यांसमोर आल्या, हे अगदी खरं सांगतो.

तो तरुण अधिकारी मात्र खरा माणूस निघाला. घसा साफ करून तो म्हणाला, "आजी, तुमची वेगळी मतपत्रिका मी देतो. पण खोटं सांगत नाही. ती पेटीत जात नाही. पाकिटात वेगळी ठेवतात. कोर्टानं सांगितलं तरच ती मोजतात, एरवी नाही."

काकीनं आमच्याकडे बघितलं. "हमीद, खरं व्हय?"

हमीदभाईचा चेहरा पडला. त्याला 'नाही' म्हणता आलं असतं. "व्हय काकी," तो म्हणाला. "खरं हाय त्ये."

मला वाटलं, संपलं. एवढ्या लांब चालत आलेल्या बाईला आपण न मोजलं जाणारं मत देऊ केलं. काकीनं पदर खोचला. मग तिनं विचारलं, "पर लिवून तरी ऱ्हाईल न्हवं? का हौसा आलती, आन तिचं मत दुसऱ्यानंच दिलं?"

"राहील," अधिकारी म्हणाला. "माझ्या सहीनं राहील."

"मग आन त्यो कागूद."

ती आत गेली. आबा व्हरांड्याच्या पायरीवर उभाच. मग खाली उतरला आणि आपल्या एजंटाला हाताच्या खुणेनं बाहेर बोलावून त्याच्याशी दोन शब्द बोलला. काय बोलला ते आम्हाला ऐकू आलं नाही. पण नंतर ती फुटक्या टाचेची बाई रांगेत पुन्हा दिसली नाही. आबा बुलेटवर बसला, गाडी सुरू केली, बंद केली, पुन्हा सुरू केली आणि निघून गेला.

काकी बाहेर आली ती सरळ पांदीनं मळ्याकडे चालू लागली. हळद काहिलीवर होती ना. आमच्याजवळून जाताना एवढंच म्हणाली, "पानी प्या जरा, तोंडं बगा तुमची कशी झाल्यात."

आणि मग, जेवणवेळ टळल्यावर, बायका आल्या. आधी मळ्यातल्या चौघी, एकमेकींचे पदर धरून. मग वरच्या आळीच्या. मग खालच्या आळीच्या मजुरीच्या बायका, डोक्यावर वैरणीचे भारे तसेच. काहींची मतं सकाळीच पडली होती. त्यांनी बोटं पुढं केली आणि काकीनं मागितलं तेच मागितलं. बऱ्याचजणींची राहिली होती, त्यांनी स्वतः दिली. बाहेर येऊन त्या एकमेकींच्या बोटांवरची शाई बघत होत्या आणि नव्या बांगड्या भरल्यासारख्या हात हलवत होत्या. एक तर भारा उचलायलाच विसरली.

तेव्हा मी खाली बसलो. तिथंच, धुळीत. हमीदभाई शेजारी बसला. शाळेच्या मागून कुणीतरी आमच्यासाठी पाण्याची घागर आणून ठेवली होती; कुणी ते कळलं नाही. आम्ही ओंजळीनं पाणी प्यालो. हमीदभाई म्हणाला, "सायेब, जीव भांड्यात पडतो म्हनत्यात, त्ये भांडं लय मोठं असतंय बगा." मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, आणि मी दोन्ही येऊ दिलं. वारा पडला होता. पांगाऱ्याचं एक फूल टपकन चुन्याच्या रेघेवर पडलं आणि पोलिसानं ते उचलून टोपीत खोवलं.

पुढचे दिवस मात्र सोपे गेले नाहीत. निकाल लागले, गुलाल उधळला, पाडवा झाला. वाडीहून काहीच निरोप नव्हता. मी दुसऱ्या गावांच्या कामात मन गुंतवत होतो, पण त्या चराकडचे उघडे पाईप माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हते. कुमुदनं कुरडया वाळवून डब्यात भरल्या. एके सकाळी आबाच दारात. मी उभा राहिलो. तो पायरीवर वहाणा काढत म्हणाला, "पायपा उन्हात पडल्यात. कवा बसीवनार?"

"तुम्ही सांगाल तेव्हा."

तो आत येऊन बसला. कुमुदनं पोहे केले. खाता खाता मान वर न करता तो म्हणाला, "काकी मला कवा वरडली न्हवती. बारकं असताना बी न्हाई. मानसं म्हनायची, पोरकं हाय, वरडू नगा. त्या दिशी पयल्यांदा वरडली."

"वाईट वाटलं?"

 "वाईट वाटलंच. चारचौघांत." मग पोह्यांतला शेंगदाणा बाजूला काढत, "पर घरी जाऊन बसलो, तवा वाटलं, आपल्या आईनंच वरडल्यावानी झालं. हसशीला तुमी."

मी हसलो नाही. त्याच्या बशीत कुमुदनं आणखी पोहे वाढले. त्यानं नको म्हटलं नाही.

त्या उन्हाळ्यात आम्ही पाईप बसवले आणि माळावर पाणी चढलं. मंडळही वाढत गेलं. सांगली, मिरज, पार पलीकडे सीमेपर्यंत आमची माणसं चुन्याच्या रेघांच्या अलीकडे उभी राहू लागली. कुठं शिव्या खाल्ल्या, कुठं धक्काबुक्की झाली, आणि काही गावांत आम्ही नुसतेच उभे राहून परत आलो. आता हमीदभाई नाही. उंब्रजचं दुकान त्याच्या मुलानं वाढवलंय. मंडळातली नवी मुलं फोनवर सगळं करतात आणि मला सभेला बोलावून हार घालतात. पण माझ्या आयुष्यातलं कुठलं काम चांगलं झालं असं विचारलंत, तर मला पंप आठवत नाहीत.

विधानसभेची निवडणूक पुढच्याच वर्षी आली. मी वाडीला पोचलो तेव्हा शाळेचं दार उघडायचं होतं, आणि दारासमोर रांगेत पहिली उभी होती हौसाकाकी. मागं आबा. एवढा मोठा चेअरमन, काकीच्या मागं दुसऱ्या नंबरला. दोघं आत गेली, दोघं बाहेर आली. या वेळी तिचं मत पेटीत पडलं होतं. आबा तिला बुलेटपाशी घेऊन आला आणि हळूच, पण आम्हाला ऐकू जाईल इतक्या आवाजात, म्हणाला,

"काकी, सांग की मग. कुनाला दिलंस?"

काकी गाडीच्या मागच्या सीटवर नीट बसली, लुगडं सावरलं, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "तुजं तू दिलंस, मी इचारलं का?"

आबानं एकदा आमच्याकडे बघितलं, मान हलवली आणि गाडी सुरू केली.